लोंढ्यापुढच्या मालगाड्या : पहिल्यांदा बघायला निघणाऱ्यांसाठी

टिळकवाडीत दुसरं गेट, म्हणजे रेल्वेचं फाटक, पडलं की बेळगावकर आधी घड्याळ बघतो, मग पुढे घुसलेल्या स्कूटरवाल्याकडे, आणि शेवटी नाइलाजानं मालगाडीकडे. मला हा नाद तिथंच लागला. शाळेला उशीर झालाच आहे, तर वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, तरी मोजू, एवढंच सुरुवातीला होतं. आता महिन्यातून एक रविवार मी लोंढा जंक्शनच्या बाजूला मालगाड्या बघत घालवतो, आणि कुणी ना कुणी विचारतं, "आम्हालाही यायचंय, काय करायचं?" दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलं.

आधीच सांगतो, पहिल्याच फेरीला दूधसागर गाठायचा बेत असेल तर तो सोडा. तिथं माणसं धबधबा बघायला जातात आणि गाडी फोटोत आपोआप येते. मालगाडी बघायची असेल तर तिच्या वाटेवर जरा अलीकडे, शांत जागी बसायला शिकावं लागतं.

आधी घराजवळच सराव करा

लांब जाण्याआधी दोन-चार वेळा गावातल्या फाटकाजवळ उभे राहा, फाटकाच्या अलीकडे, आणि पूर्ण गाडी मोजा. पुढे इंजिनं किती, मध्ये वाघिणी किती, शेवटी गार्डचा डबा आहे का. कोळसा किंवा खनिज वाहणाऱ्या उघड्या वाघिणींच्या पूर्ण रेकमध्ये, म्हणजे जोडलेल्या अख्ख्या गाडीत, साधारण ५८ वाघिणी असतात. एक वाघीण पावणेअकरा मीटरच्या आसपास, म्हणजे गाडी ६०० मीटरच्या पुढे गेली. पहिल्यांदा मोजताना बत्तीस-तेहतिसाव्यावर हमखास चुकतं. एखादा रिक्षावाला "काय मोजताय साहेब?" म्हणून विचारतो आणि आकडा जातो. मी बोटांची पेरं मोजतो, दर दहाला एक पेर. त्यात लाज वाटायचं कारण नाही.

शेवटच्या वाघिणीवर एल व्ही (लास्ट व्हेइकल, शेवटचं वाहन) अशी पाटी किंवा लाल दिवा दिसतो, तो आवर्जून बघा. स्टेशनातली माणसंही तेच बघत असतात. गाडी मधेच तुटून काही वाघिणी मागे राहिल्या असतील तर ती पाटी स्टेशनात पोचत नाही, आणि मग मागचा मार्ग मोकळा धरता येत नाही. हल्ली काही मालगाड्या गार्डच्या डब्याशिवायही धावतात, तिथं शेवटच्या वाघिणीवर छोटं यंत्र बसवलेलं असतं.

लाइन कुठली, आणि त्यावर काय जातं

बेळगावहून देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी करत गाडी लोंढ्याला येते. रेल्वेनं हे अंतर पन्नासेक किलोमीटर. लोंढ्यातून एक वाट अळणावरमार्गे हुबळीला जाते, दुसरी पश्चिमेला तिनईघाट, कॅसलरॉक आणि पुढे घाट उतरून गोव्यात कुळ्याला. आपलं काम या दुसऱ्या वाटेवर. लोंढा खानापूर तालुक्यातलं. तिनईघाट आणि कॅसलरॉक उत्तर कन्नडमधल्या जोयडा तालुक्यात येतात, पण चहाच्या टपरीवर मराठी, कोकणी, कन्नड सगळं चालतं.

लाइन जुनी आहे. मुरगाव बंदर देशाशी जोडायचं म्हणून १८८०च्या दशकात पोर्तुगीज हद्दीतून वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे आली आणि ब्रिटिश बाजूनं सदर्न मराठा रेल्वे. दोघींची भेट कॅसलरॉकला. म्हणजे एवढंसं हे जंगलातलं स्टेशन एकेकाळी दोन राज्यांची वेस होतं, जकात तपासणीचं नाकं होतं. तेव्हा अरुंद रुळांचं मीटरगेज होतं, नव्वदच्या दशकात रुंद रुळांचं ब्रॉडगेज झालं.

मालाचं गणित एकदा कळलं की निम्मी गंमत कळते. मुरगाव बंदरावर जहाजानं आलेला कोळसा भरून गाड्या घाट चढतात आणि हुबळीवरून बळ्ळारीकडच्या तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याला जातात. रिकाम्या वाघिणी त्याच वाटेनं परत येतात. म्हणून लोंढ्याच्या या बाजूला पूर्वेकडे निघालेली उघड्या वाघिणींची गाडी बहुधा भरलेली असते आणि पश्चिमेकडे निघालेली रिकामी. डोळे मिटूनही ओळखता येतं. रिकामी गाडी पत्र्याच्या डब्यासारखी खडखडते, भरलेली जमिनीत दबून जाते. पूर्वी उलट्या दिशेनंही भरलेल्या गाड्या यायच्या, हॉस्पेट भागातलं लोहखनिज बंदराकडे न्यायला. २०१० मध्ये कर्नाटकानं खनिजाच्या निर्यातीवर बंदी घातली, पुढे खाणींवरही न्यायालयाचे निर्बंध आले, आणि ती वाहतूक आटली. याशिवाय पोलादाच्या गुंडाळ्या बांधलेल्या सपाट वाघिणी, खताच्या बंद वाघिणी आणि पेट्रोल-डिझेलच्या टाक्या दिसतात.

घाटात अजून एकेरीच लाइन आहे. दुहेरीकरणाच्या प्रस्तावाला वन्यजीव मंडळानं दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये रद्द केली. या प्रश्नाला दोन बाजू आहेत, गोव्यात कोळशाच्या धुळीवरून लोक रस्त्यावर उतरले आहेत, आणि त्यांच्या दाराशी मी राहत नाही, म्हणून माझं मत इथं सांगत नाही. बघणाऱ्यापुरता त्याचा अर्थ एवढाच: एका वेळी एकच गाडी, आणि बाकीच्या गाड्या खाली-वर थांबलेल्या.

कधी जावं

ऑक्टोबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत. हवा स्वच्छ, गवत अजून हिरवं, पहाटे धुकं. सकाळचीच वेळ धरा. घाट चढून येणाऱ्या गाडीचं तोंड पूर्वेला असतं, म्हणजे सकाळी ऊन थेट इंजिनाच्या नाकावर पडतं. दुपारनंतर तेच इंजिन तुमच्या फोटोत काळा ठोकळा होऊन येतं.

पावसाळा सुंदर असतो यात वाद नाही. पण दरड कोसळून लाइन बंद पडते, जळवा मोज्यांतून आत शिरतात आणि तीन तास बसून ढगाशिवाय काही दिसत नाही. नवख्यानं पहिलं वर्ष पावसाळा सोडून द्यावा. एप्रिल-मे मध्येही नको. मी पहिल्यांदा गेलो तो मे महिन्यातच. पाण्याच्या दोन बाटल्या अकरा वाजताच संपल्या. दोन वाजता चहा शोधायला उठलो, आणि टपरीवर पोचतो न पोचतो तोच मागून भरलेली कोळशाची गाडी गेली. पाच तासांत आलेली ती एकमेव.

कुठं बसावं

पहिल्या दोन फेऱ्या लोंढा जंक्शनवरच करा. फलाट आहे, बाक आहे, चहा आहे, आणि दोन्ही वाटांच्या गाड्या एकाच जागी दिसतात. प्लॅटफॉर्म तिकीट १० रुपयांना मिळतं आणि ते दोनच तास चालतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. जास्त बसायचं तर दुसरं काढा, वाद घालू नका.

तिसऱ्या फेरीला तिनईघाट. इथं गाड्या मोजक्याच थांबतात आणि थांबे बदलत असतात, म्हणून निघण्याआधी परतीची गाडी नक्की करा. रस्त्यानं जाणाऱ्यांना खानापूर, रामनगर, अनमोडचा गोव्याचा रस्ता सोयीचा, तो बराच वेळ लाइनच्या जवळून जातो. तुमची गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावा आणि सार्वजनिक रस्त्यावरूनच बघा. दोन्ही बाजूंना राखीव जंगल आहे. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य, पुढे काळी व्याघ्र प्रकल्प. गवे आहेत, अस्वलं आहेत. फोटोसाठी झाडीत पन्नास पावलं आत जाणं म्हणजे वनखात्याचा गुन्हा आणि अस्वलाला आमंत्रण, दोन्ही एकदम.

कॅसलरॉकला सगळ्यात शेवटी जा, गाड्या थोड्या वाचता यायला लागल्यावर. त्याबद्दल पुढे सांगतो.

गाडी येतेय हे ओळखायचं कसं

खरी शिकायची गोष्ट ही. प्रवासी गाड्यांसाठी मोबाइलवर रेल्वेचं ॲप आहे, मालगाडीसाठी तुम्हा-आम्हाला काही नाही. ठरलेल्या वेळापत्रकानं न धावता ती प्रवासी गाड्यांच्या मधल्या फटीतून सरकत जाते. लोंढ्याजवळ एका म्हाताऱ्या फाटकवाल्या मामांनी मला सांगितलं होतं, "मालगाडी म्हणजे पावणा बघ. येणार म्हणून ठाव असतंय, खरं कधी ते न्हाई."

पण फटी तर ठाऊक असतात ना! म्हणून पहिलं काम, त्या दिवशी या वाटेवर धावणाऱ्या प्रवासी गाड्या लिहून घ्या. गोवा एक्सप्रेस रोजची. अमरावती, पूर्णा यांचे दिवस ठरलेले. ॲपवर त्या कितपत उशिरा आहेत ते बघा. मग एवढं लक्षात ठेवा: प्रवासी गाडी गेल्यानंतरचा अर्धा-पाऊण तास कधीही सोडू नका. तिला वाट द्यायला बाजूच्या रुळावर उभी केलेली मालगाडी त्यानंतरच सुटते. चहा प्यायचाच तर प्रवासी गाडी येण्याआधी प्या. तो मे महिना मला हे शिकवून गेला.

दुसरं काम सिग्नलकडे बघणं. एकेरी लाइनवरच्या स्टेशनात सगळे दिवे लाल असतील तर निवांत बसा. स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला पिवळा लागला आणि त्याच्या डोक्यावर पांढऱ्या दिव्यांची तिरपी रांग पेटली, तर येणारी गाडी लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या जादा रुळावर, शिरणार, म्हणजे बहुधा ती थांबणार आणि समोरून किंवा मागून दुसरी येणार. नवख्याला याहून चांगली वेळ मिळणार नाही. एका जागी बसून दोन गाड्या, आणि त्यातली एक उभी. उभ्या गाडीच्या वाघिणी सावकाश वाचता येतात. सरळ हिरवा लागला तर गाडी न थांबता जाणार, कॅमेरा आधीच हातात हवा.

तिसरं, कान. रुळाच्या कडेला पिवळ्या पाटीवर 'सी/फा' लिहिलेलं असतं. सीटी आणि फाटक. फाटक जवळ आलंय, तिथून भोंगा वाजवत या, असा तो ड्रायव्हरला निरोप. फाटकाच्या ऐकण्याच्या टप्प्यात बसलात तर भोंगाच तुम्हाला हाक मारतो. चढावर डिझेल इंजिनाचा आवाज त्याच्याही आधी येतो, दरीतून, छातीत घुमल्यासारखा, मधेच वळणामागे लुप्त होतो आणि पुन्हा उगवतो. दहा-दहा मिनिटं आवाज येत राहतो आणि गाडी दिसत नाही. विजेचं इंजिन मात्र जवळ येईपर्यंत गप्प असतं. आवाज नाही म्हणजे गाडी नाही, हे जुनं गणित आता धरू नका. आणि सिनेमातल्यासारखा रुळाला कान लावायचा तर विचारही नको.

चौथं, माणसं. फाटकवाले मामा, रूळ तपासत फिरणारे चावीवाले, टपरीवाली मावशी यांच्याशी आधी दोन शब्द बोला, मग विचारा. समोरचा कन्नड बोलणारा असेल तर "गूड्स बर्तदेन्री?" (मालगाडी येतेय का हो?) एवढं पुरतं. शेवटच्या 'री'मध्ये सगळा मान आहे, तो गिळू नका. स्टेशन मास्तरांच्या खोलीत मात्र डोकावू नका. त्यांचं लक्ष पॅनेलवर असायला हवं.

इंजिन आणि वाघीण वाचणं

इंजिनाच्या अंगावर अक्षरं असतात. पहिलं डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज. दुसरं डी असेल तर डिझेल, ए असेल तर विजेचं. तिसरं जी म्हणजे मालगाडीचं, पी म्हणजे प्रवासी. डब्ल्यूडीजी-४ हे या घाटाचं जुनं जनावर, ४००० अश्वशक्तीचं, सहा धुऱ्यांचं. यातली बरीच हुबळीच्या शेडची (शेड म्हणजे इंजिनांचं घर, तिथंच त्यांची देखभाल होते), केबिनच्या खाली शेडचं नाव रंगवलेलं असतं. लांबच्या शेडचं नाव दिसलं की मला अजून लहान मुलासारखा आनंद होतो. डब्ल्यूएजी-९ म्हणजे विजेचं, ६००० अश्वशक्तीच्या वरचं.

वाघिणीवर बी म्हणजे बोगीची, ओ म्हणजे उघडी, सी म्हणजे बंद, टी-पी म्हणजे पेट्रोलची टाकी. शेवटचा एन हवेच्या ब्रेकचा. त्याखाली अकरा आकडी नंबर असतो आणि त्यातले पाचवा-सहावा आकडे म्हणजे वाघीण बनल्याचं वर्ष. हे कळल्यावर उभी गाडी बघण्याची तऱ्हाच बदलते. नव्याकोऱ्या वाघिणीला खेटून तीस वर्षांची पोचे पडलेली वाघीण, दोघींत तोच कोळसा.

साधी शंभर पानी वही ठेवा. तारीख, वेळ, दिशा, इंजिनाचा नंबर आणि शेड, वाघिणींचा प्रकार, आकडा, भरलेली की रिकामी. आठ-दहा फेऱ्यांनंतर पानं समोरासमोर ठेवा. कुठल्या दोन प्रवासी गाड्यांच्या मधे मालगाडी वारंवार सापडते ते तुमचं तुम्हालाच दिसेल. कुठल्याही ॲपमध्ये नसलेलं वेळापत्रक ते हेच.

काय करायचं नाही

रुळावरून चालायचं नाही. दूधसागरकडे चालत जाणारे पुष्कळ जण "सगळेच जातात" म्हणतात. रेल्वे कायद्याच्या १४७ कलमाखाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी बोगद्यात गाडी आली तर पळायला जागा नसते.

उभ्या मालगाडीच्या खालून किंवा दोन वाघिणींच्या मधून पलीकडे जायचं नाही. गावातली माणसं जाताना दिसतील, त्यांचं बघू नका. गाडी सुटताना हिसका पुढून मागे धावत येतो, भोंगा तुम्हाला ऐकू आलाच पाहिजे असं नाही. चालत्या गाडीपासून चांगलं पाच-सात मीटर लांब राहा, वाघिणीतून तारा, दोऱ्या लोंबतात, कोळशाचे खडे उडतात. जिथं वीजतार आहे तिथं ती २५ हजार व्होल्टची आहे, म्हणून पादचारी पुलावर छत्री, तिवई, सेल्फीची काठी काही वर करू नका. ड्रोन घरी ठेवा. कुणी वर्दीवाल्यानं फोटो नको म्हटलं तर "बरं" म्हणून कॅमेरा पिशवीत.

पिशवीत काय असावं याची मोठी यादी देत नाही. पाणी वाटतं त्याच्या दुप्पट, भाकरी-पिठलं किंवा चपाती-भाजी, टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा. फोनची रेंज कुठंही जाते, म्हणून घरी आधीच सांगा, कुठं बसणार आणि कधी परतणार.

आणि मग कॅसलरॉक

इथून कुळ्यापर्यंतचा पंचवीस-सव्वीस किलोमीटरचा घाट. चढ एकास ३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. पूर्ण लांबीची कोळशाची गाडी या चढावर असते तेव्हा तिचं तोंड शेपटीपेक्षा सोळा-सतरा मीटर उंच असतं. पाच मजली इमारतीच्या गच्चीवर पुढचा ड्रायव्हर आणि तळमजल्यावर मागचा. पुढच्या इंजिनांना हे एकट्यानं झेपत नाही, म्हणून मागून ढकलणारी इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात.

फलाटावर कुळ्याच्या टोकाला तोंड करून बसा. आधी दरीतून आवाज, मग झाडांवर हलणारा धूर किंवा उष्ण हवेची थरथर, मग माणूस चालेल तेवढ्या वेगानं इंजिनाचं नाक. वाघिणी एकेक करून सरकत राहतात आणि तुम्हाला वाटतं आता संपली, तेवढ्यात पुढच्याहून मोठा आवाज मागून वर येतो. ते बँकर. मोजायचं राहून जातं, पहिल्या वेळी राहू द्या.

उतरणाऱ्या गाड्यांकडे लोक दुर्लक्ष करतात, मला त्या जास्त आवडतात. घाटात शिरण्याआधी प्रत्येक गाडी इथं थांबते, ब्रेक तपासले जातात. वाघिणींच्या कडेनं चालत जाणारा माणूस, हवेचा फुस्स आवाज, पुन्हा शांतता. उतरताना इंजिनाचं काम ओढण्याचं नसतं, अडवण्याचं असतं.

बँकर गाडीपासून सुटले की थोडा वेळ बाजूला उभे राहतात आणि खालच्या पुढच्या गाडीसाठी घाट उतरतात, कधी एकमेकांना जोडून, वाघिणीशिवाय. नवखा माणूस याची नोंद करत नाही, "गाडीच नव्हती" म्हणतो. करा. वहीत वाघिणींच्या रकान्यात शून्य लिहा आणि शेरा लिहा 'लाइट इंजिन'. रेल्वेवाले त्याला तेच म्हणतात, वजन मात्र एकेकाचं १२६ टन.